तारीख न पडलेले सात खंड

८ जून

प्रिय मामा,

नमस्कार वगैरे राहू दे, आधी बातमी ऐक. आज मी तुझ्या खुर्चीवर बसले. ती डावीकडे कलते हे तू सांगायला हवं होतंस. पहिल्याच तासाला नववीच्या अख्ख्या वर्गासमोर मी जवळजवळ जमिनीवर आले. एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, आधीचे सर उजवीकडे टेकून बसायचे." म्हणजे इतकी वर्षं तू तिरका बसलास आणि नवी खुर्ची मागितली नाहीस. कमाल आहे तुझी.

फोनवर तू "बरं, ठेवतो" याच्यापुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तर दे. तुला निवृत्तीत दुसरं काम काय आहे?

खरं सांगू? मला अजून विश्वास बसत नाही. कालपरवापर्यंत कुरिअरच्या काउंटरवर पाकिटं तोलत होते, आणि आज हायस्कूलची ग्रंथपाल! तू मागे लागला नसतास तर मी संध्याकाळचा तो कोर्स केलाच नसता. आणि मुलाखतीत तर तुझं नाव निघाल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी माझी फाइल मिटूनच टाकली. बाहेर बसलेल्या दुसऱ्या बाई दहा वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी आशाच सोडली होती. आईनं सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय. "माझ्या भावाची गादी माझ्या मुलीनं चालवली," असं म्हणते. जणू काही राज्यच.

खोली मिळाली आहे, एका शिंप्याच्या दुकानामागे. दिवसभर शिवणयंत्र चालू असतं, पण दिवसभर मी कुठे असते इथे? मार्चपर्यंत प्रोबेशन. काम पसंत पडलं तर कायम करतील. तोवर चुका करायच्या नाहीत असं ठरवलंय.

मामींना नमस्कार.

तुझी,
वाळवी

———

१७ जून

वाळवीस अनेक आशीर्वाद,

लहानपणी सुट्टीला आलीस की माझ्या घरातला एकेक कप्पा फस्त करायचीस, म्हणून तुझं नाव वाळवी पडलं. आता शाळेनं पगार देऊन वाळवी पाळली आहे, हे बाईंना कळू देऊ नकोस.

खुर्चीचं म्हणशील तर मी दोनदा मागितली होती. नंतर मागणं सोडलं. निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बाईंनी भाषणात मला "आपले जुने लिपिक" म्हटलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करणार. त्या येऊन दोनच वर्षं झालीत, त्यांना काय कल्पना. असो. आता कामाचं.

पहिला महिना काही हलवू नकोस. कुठल्या कप्प्यावर बोटांच्या खुणा आहेत ते नुसतं बघ. मुलं आली की "काय हवंय?" विचारू नकोस, ती लाजतात आणि "काहीही" म्हणतात. "मागच्या वेळी कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?" असं विचार. पोरं खुशीत येऊन सांगतात. एखाद्याला काय आवडत नाही ते कळलं की निम्मं काम झालं.

दुसरं, गुप्त पान. पहिल्या पानावर शिक्का असतो हे चोरालाही माहीत असतं, तो ते पान फाडतो. म्हणून प्रत्येक ग्रंथालय आत एक ठरावीक पान धरून तिथे दुसरा शिक्का मारतं आणि ते पान कोणाला सांगत नाही. आपलं एकेचाळीस. ही गोष्ट माझ्यानंतर फक्त तुला माहीत आहे.

भिंतीलगतचं मोठं कपाट उघडत बसू नकोस. त्यातलं सगळं मेलेलं आहे. नुसती धूळ आणि तुला शिंका.

मामी आशीर्वाद सांगते.

तुझा मामा

———

२१ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझा प्रश्न जादूचा आहे! "कुठलं अर्धवट सोडलंस" विचारल्यावर आठवीतला एक ढब्बू पोरगा एका दमात अकरा पुस्तकांची नावं सांगून मोकळा झाला. सगळ्यांत प्रेमाच्या गोष्टी यायला लागल्या की हा पळ काढतो. त्याला एका समुद्री सफरीचं पुस्तक दिलं, त्यात एकही बाई नाही. तीन दिवसांत परत आला. "बाई, शेवटी त्याला घरी बायको असते," अशी तक्रार घेऊन!

मधल्या सुट्टीत आता बसायला जागा नसते. मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! कुरिअरमध्ये लोक माझ्याकडे घड्याळ बघत यायचे. इथे माझ्याकडे हळू आवाजात येतात.

पण आता एक संकट आहे. बाईंना ग्रंथालयात संगणक बसवायचे आहेत आणि त्यासाठी भिंतीलगतची जागा मोकळी हवी. नोव्हेंबरमध्ये तपासणीला माणसं यायची आहेत, त्याआधी जुनी पुस्तकं बाद करून टाका म्हणाल्या. कुठली, ते मी ठरवायचं. मामा, मी कोण ठरवणारी? मला तर फाटकं पुस्तक टाकतानासुद्धा कोणाचं तरी मूल रस्त्यावर सोडल्यासारखं होतं. कोर्समध्ये यावर एक धडा होता, तो मी परीक्षेपुरता वाचला. तू सांगशील तसं करीन. लवकर लिही.

तुझी,
वाळवी

———

३० ऑगस्ट

वाळवीस आशीर्वाद,

घाबरू नकोस. बाद करणं हे ग्रंथपालाचं अर्धं काम आहे, फक्त ते कोणी मिरवत नाही.

नियम एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कोणी नेलं की तिथे तारखेचा शिक्का पडतो. ती चिठ्ठी उघडून बघ. दहा वर्षांत एकही तारीख पडलेली नसेल तर पुस्तक मेलं. चिठ्ठी कोरीच असेल तर ते जन्मलंच नव्हतं म्हणायचं. बांधणी, चित्रं, सोनेरी अक्षरं, कशालाही भुलायचं नाही. आवडतं म्हणून एक जरी मागे ठेवलंस तर तू ग्रंथपाल नव्हेस, माझी भाची आहेस फक्त.

शाळेच्या ग्रंथालय समितीपुढे यादी ठेवायची, ते न वाचता सही करतात. नेणारा माणूस मी पाठवतो. ओळखीचा रद्दीवाला आहे, वजनात मारत नाही. दुसऱ्या कोणाला बोलावू नकोस.

आणि हे पत्र बाईंना दाखवू नकोस. नवीन ग्रंथपाल बाईंना पावलापावलाला जुन्या लिपिकाला विचारावं लागतं, असं व्हायला नको. तुझं काम तुझ्या नावावर जमा होऊ दे.

तुझा मामा

———

१४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

झालं एकदाचं. आठवडाभर हात काळे आणि नाक लाल. भिंतीलगतचं सगळं कपाट मी तुझ्या नियमानं चाळलं. चिठ्ठी उघडायची, बघायची, बाजूला ठेवायची. पहिल्या दिवशी प्रत्येक पुस्तकाची मनात माफी मागत होते. तिसऱ्या दिवशी माफी मागायची राहून गेली, तेव्हा स्वतःचीच भीती वाटली.

एकाच ठिकाणी हात अडला. तळाच्या कप्प्यात पक्ष्यांच्या चित्रांचे सात मोठे खंड होते. तुला आठवत असतील. हातानं रंगवलेली चित्रं, प्रत्येक चित्रावर पातळ कागद. मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि एका घुबडाकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. त्याच्या पायावरची पिसंसुद्धा वेगवेगळी काढली होती. खंडांच्या पाठीवरच्या निळ्या कापडावर एक चौकोन तेवढा गडद होता, बाकीचं विटलेलं. सातही खंडांच्या चिठ्ठ्या कोऱ्या. एक तारीख नाही! इतक्या वर्षांत एकाही माणसानं ते घरी नेले नाहीत, या विचारानं मला रडूच आलं. ठेवून घ्यावेसे वाटले. मग तुझं वाक्य आठवलं आणि "बाद" असा शिक्का मारला. सात वेळा.

तुझा माणूस टेम्पो घेऊन आला. भला वाटला. बाकीचे गठ्ठे फेकले त्यानं, पण ते सात खंड मात्र चादरीत गुंडाळून पुढे स्वतःशेजारी ठेवले. रद्दीवाल्यालाही चांगली वस्तू कळते, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

बाई खूश आहेत. "तुम्ही निर्णय घेता," म्हणाल्या. मी तुझं नाव घेतलं नाही.

तुझी,
वाळवी

———

२० ऑक्टोबर

वाळवीस,

शाबास. आता खरी ग्रंथपाल झालीस. झालं गेलं मनात घोळवू नकोस. मी सध्या जरा कामात आहे, पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

मामा

———

२६ नोव्हेंबर

मामा,

हे पत्र कसं लिहू कळत नाही. माझ्या हातून फार वाईट झालं आहे.

काल जीवशास्त्राच्या बाई सुट्टीवरून परत आल्या आणि सरळ माझ्याकडे. "पक्ष्यांचे खंड काढून ठेवा, सोमवारपासून आठवीला दाखवायचे आहेत." मी म्हटलं, ते बाद झाले. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांचा चेहरा उतरला. "बाद? का?" मी म्हटलं, चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, कोणीच कधी नेले नव्हते. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, कसे नेणार? ते संदर्भ विभागाचे. बाहेर न्यायची परवानगीच नाही. इथेच टेबलावर बसून बघायचे. मग तारीख पडणार कुठून?"

मामा, मी तिथल्या तिथे मेले. इतकं साधं! कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. दरवर्षी आठवीची मुलं ते खंड उघडून पक्षी काढायची, वीस वर्षांपासून. एका देणगीदार डॉक्टरांनी दिले होते म्हणे. अशी चित्रं आता पैसे टाकूनही मिळत नाहीत. आणि मी ग्रंथपाल म्हणवणारी, घुबडासमोर बसून रडले आणि शिक्का मारून मोकळी झाले.

मुख्याध्यापिका बाईंनी लेखी खुलासा मागितला आहे. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. "मार्चमध्ये तुमच्याबद्दल काय लिहायचं ते मला आता पुन्हा ठरवावं लागेल," एवढंच म्हणाल्या. स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबतं.

पण ते जाऊ दे. मला सगळ्यात लाज वाटते ती तुझी. ते खंड तू इतकी वर्षं जपलेस आणि मी तुझ्या जागेवर येऊन पाच महिन्यांत रद्दीत घातले. तुला त्यांची किती माया होती ते जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं. रोज डबा खाऊन झाला की हात धुऊन तू एक खंड उघडून बसायचास म्हणे. मला माफ कर. आणि त्या रद्दीवाल्याचा पत्ता दे. पाया पडेन त्याच्या, गोदाम उपसून काढीन. कदाचित अजून लगदा झाला नसेल.

वाळवी

———

२ डिसेंबर

वाळवीस अनेक आशीर्वाद,

पत्र वाचून वाईट वाटलं, पण आधी डोळे पूस. मी रागावलेलो नाही. नियम सांगताना संदर्भाची पुस्तकं वगळायची हे मी गृहीत धरलं होतं, ते तुला ठाऊक असेल असं वाटलं. नवखेपणी अशा चुका होतात. मी तुला मोठ्या मनानं माफ केलं, तूही स्वतःला कर.

रद्दीवाल्याचं म्हणशील तर मी त्याच्याकडे जाऊन आलो. माल त्याच आठवड्यात कारखान्यात गेला. आता शोधण्यात अर्थ नाही. उगाच खेपा घालू नकोस.

खुलाशात मोजकं लिही. अनुभव कमी, चूक मान्य, पुन्हा होणार नाही. माझं नाव आणू नकोस. त्यानं तुझीच बाजू लंगडी पडेल, लोक म्हणतील मामाच्या सांगण्यावर चालते. मार्चपर्यंत मान खाली घालून काम कर, सगळं निवळेल.

तुझा मामा

———

१५ डिसेंबर

चि. वाळवीस मामीचे आशीर्वाद,

मी काही पत्र लिहिणाऱ्यातली नाही हे तुला माहीत आहे. पण इतकी मोठी भेट घरात यावी आणि घरच्या बाईनं आभाराचे दोन शब्द लिहू नयेत, हे मला पटेना. हे म्हणाले, "तिला लिहू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल. शाळेनं टाकून दिले आणि तिनं माझ्यासाठी मागून घेतले." पण अगं, यात अवघडायचं काय? मामाच्या निवृत्तीची भेट शाळेला सुचली नाही ती भाचीला सुचली. मी तर सगळ्या शेजाऱ्यांना दाखवले. आता वाटतं, आधीच लिहायला हवं होतं.

तुझा तो माणूस अगदी चादरीत बांधून घेऊन आला. ह्यांनी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून माझी कपबशी काढली आणि तिथे खंड लावले. माझा संसार चाळीस वर्षांचा, पण कपबशी हलली नव्हती. असू दे. माणूस खूश आहे. निरोप समारंभानंतर जे गप्प झाले होते ते आता सकाळी उठल्या उठल्या चष्मा पुसून बसतात. पातेलंभर पाणी उकळून वाफेवर पानं धरतात, शिक्के काढतात. जे निघत नाहीत ते पात्यानं हळूच कापतात आणि मागून पातळ कागद लावतात. मी म्हटलं, पहिल्या पानाचं समजलं, आत एकेचाळिसावं पान कशाला कापता? तर म्हणे, तिथे कसर लागली होती. डोळे बिघडतील म्हणून मी ओरडते, पण ऐकतील तर शपथ.

तू सुट्टीत ये. आईला घेऊन ये. तुझं कौतुक करायचं आहे.

तुझी मामी

———

१९ डिसेंबर

मामा,

मामींचं पत्र आलं. त्यांना बोलू नकोस. त्यांनी मला आभार मानायला लिहिलं आहे.

पत्र मी आधी ग्रंथालयात वाचलं, मग खोलीवर येऊन वाचलं, मग परत वाचलं. मला वाटत होतं, एखाद्या ओळीत काहीतरी वेगळा अर्थ सापडेल. वेगळी चादर असेल, वेगळे खंड असतील. पण एकेचाळिसावं पान! मामा, ते पान या जगात दोघांनाच माहीत होतं, तुला आणि मला. तूच म्हणाला होतास.

आज मी संदर्भ विभागाच्या कपाटात जाऊन बघितलं. तळाच्या कप्प्यात सात खंडांएवढी जागा रिकामी आहे. लाकडावर त्यांचे डाग आहेत. म्हणजे ते तिथे होते. ते भिंतीलगतच्या कपाटात, मेलेल्या पुस्तकांत आपल्या पायांनी चालत गेले नाहीत. आणि निळ्या कापडावरचा तो गडद चौकोन. इथल्या प्रत्येक संदर्भ ग्रंथाच्या पाठीवर तिथेच "संदर्भ" अशी पट्टी चिकटवलेली आहे. ती सोलल्यावर खाली मूळ रंग राहतो. कधी सोललीस? निरोप समारंभाच्या आधी की टाळ्या वाजवून झाल्यावर?

तुला ते स्वतः नेता येत नव्हते. जाताना तुझ्याकडून सगळं मोजून घेतलं असतं. म्हणून दुसरं कोणीतरी हवं होतं, जे स्वतःच्या सहीनं ते बाहेर काढेल. त्या दुसऱ्या बाई दहा वर्षांच्या अनुभवी होत्या. तरी तू माझ्यासाठी शब्द टाकलास. मला वाटलं, माया. मला ग्रंथपाल केलंस ते यासाठी का रे? तुला यातलं काही न समजणारी कोणीतरी हवी होती, आणि तू सांगितलेलं डोळे मिटून ऐकणारी. तशी एकच होती, तुझी बहीण जिला घेऊन दर सुट्टीत तुझ्या दारात यायची ती.

चोरी केलीस, ते कदाचित मी समजून घेतलं असतं. तुला त्यांनी लिपिक म्हटलं ते मलाही लागलं होतं. पण मी तुला रडत पत्र लिहिलं, तेव्हा ते खंड तुझ्या काचेच्या कपाटात होते. त्यांच्यासमोर बसून तू मला लिहिलंस की माल कारखान्यात गेला. आणि तू मला माफ केलंस. मामा, तू मला माफ केलंस! मोठ्या मनानं! मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपत होते. सगळी शाळा माझ्याकडे तिरकं बघते, पण मामानं माफ केलं, असं म्हणून सकाळी उठत होते.

केसानं गळा कापलास माझा. इतका हळू की मीच तुझे आभार मानत राहिले.

खंड परत कर. एवढंच.

———

२७ डिसेंबर

वाळवीस,

बोललीस ते बोललीस. तरुण रक्त आहे, मी मनावर घेत नाही.

तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. ज्या डॉक्टरांनी ते खंड दिले ते मला म्हणाले होते, "हे तुमच्यावर सोपवतो." शाळेवर नाही, माझ्यावर. पातळ कागद मी लावले. उन्हात कधी ठेवायचे, कधी नाही, हे मला माहीत. तुझ्या मुख्याध्यापिका बाईंना विचार, सातव्या खंडात काय आहे? त्यांनी एकही उघडला नाही कधी. आज संगणक आले, उद्या ते खंड जिन्याखाली गेले असते आणि उंदरांनी खाल्ले असते. मी चोरी केली नाही. जे माझं होतं ते माझ्याकडे आलं.

तुझं काय वाईट झालं सांग. नोकरी आहे. एक खुलासा दिलास, तो त्या विसरतील. कागदावर सगळं रीतसर आहे, समितीची सही आहे, तुझी सही आहे. माझी कुठेच नाही. बोभाटा केलास तर विचारतील ते तुलाच. मार्चला कायम होशील, मग आयुष्यभर ती खुर्ची तुझी. थोडी कळ काढ.

आईला यातलं काही सांगू नकोस, तिचा रक्तदाब वाढेल.

त्या दुसऱ्या उमेदवार बाईंचं विचारलंस. त्याचं उत्तर मी देणार नाही.

तुझा मामा

———

४ जानेवारी

प्रति,
माजी ग्रंथपाल यांस,

विषय : संदर्भ विभागातील पक्ष्यांच्या चित्रांचे सात खंड परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपलं २७ डिसेंबरचं पत्र मिळालं. सदर खंड बाद करताना कोणता नियम वापरला, तो कोणी सांगितला, आणि खंड सध्या कोठे आहेत, हे मी काल मुख्याध्यापिका बाईंना लेखी दिलं आहे. आपली सगळी पत्रं सोबत जोडली. सही माझी होती, चूकही माझी आहे, तेही लिहिलं. मार्चमध्ये मला ठेवायचं की नाही हे त्या ठरवतील. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "ते तुमचे सख्खे मामा ना?" मी हो म्हटलं.

आईला मी स्वतः सांगितलं. ती आपल्याला पत्र लिहिणार नाही.

शाळेनं तक्रार नोंदवण्याआधी एक संधी द्यावी, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. येत्या रविवारी सकाळी मी आणि जीवशास्त्राच्या बाई खंड ताब्यात घेण्यासाठी आपल्या घरी येत आहोत. कापलेले शिक्के टाकून दिले नसतील तर तेही द्यावेत, मी परत चिकटवीन. सर्व खंडांचं गुप्त पान यापुढे बदललेलं असेल.

मामींना आधी काही सांगू नये. मी आल्यावर सांगीन. त्यांनी आमच्यासाठी स्वयंपाक करू नये.

मी जेवून येईन.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल